पहिला वास

दूध संघाच्या फलाटावर रंगराव चौगुल्यांच्या नाकाशी कुणी वाद घालत नसे. गावोगावचे कॅन टेम्पोतून उतरत, झाकण निघे, रंगराव वाकत, एकच श्वास घेत आणि हात हलवत. उजवीकडे हात गेला की दूध आत, डावीकडे गेला की परत. तपासणीची यंत्रं दर दोन-चार वर्षांनी नवी येत. पण यंत्राला वेळ लागे, आणि दूध काही उन्हात थांबत नाही. म्हणून यंत्राच्या आधी रंगराव.

"पहिला वास खरा," ते फलाटावरच्या नव्या माणसांना सांगत. "दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं. तिसऱ्याला ते तुमच्याशी खोटं बोलायला लागतं."

म्हशीनं काय खाल्लंय, कॅन कशानं धुतलाय, दूध कधी काढलंय, हे सगळं त्यांना त्या एका श्वासात कळे. कधी कधी ते शेतकऱ्याला बाजूला घेऊन सांगत, गाय आजारी दिसतीय, दुधाला गोडसर वास मारतोय, डॉक्टरला दाखवा. शेतकरी घरी जाऊन बघे तर गायीनं खरंच वैरण खायची सोडलेली असे.

या नाकानं घरात मात्र एक गोष्ट बिघडवून ठेवली होती. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, गारगोटीकडच्या टेम्पोतून सासऱ्यांचा कॅन आला. आप्पा स्वतः सोबत आले होते, जावयाचं काम बघायला. झाकण निघालं, रंगराव वाकले आणि त्यांचा हात डावीकडे गेला. झाकणाच्या रबरात आदल्या दिवसाचं दूध राहिलं होतं, बाकी काही नाही. पण हात पन्नास माणसांसमोर डावीकडे गेला. आप्पांनी कॅन उचलून टेम्पोत ठेवला आणि गेले. पुढं ते दुसऱ्या संघाला दूध घालू लागले आणि लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा कधी आले नाहीत. त्यांची बायको इंदुमती त्यावरून कधी भांडली नाही. अधूनमधून, भाजीत मीठ कमी आहे की बरोबर अशा साध्याशा बोलण्यातही, ती म्हणायची, "तुमचं नाक खरं हो." तेवढं पुरे असायचं.

रंगराव निवृत्त झाल्यावर दोघं कोल्हापूरच्या नव्या वस्तीतल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. मुलगी मंजूषा बंगळूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनं शोधायची. घरात बोलायला फार काही उरलं नव्हतं. मग कुणीतरी पार्किंगमध्ये सोडून दिलेलं राखी रंगाचं पिल्लू इंदुमतीनं पदरात घालून वर आणलं आणि घर बोलायला लागलं. पिल्लाचं नाव भुरी. इंदुमती सकाळी उठल्यापासून तिच्याशी बोले. माहेरच्या गोष्टी सांगे, आप्पांच्याही सांगे. रंगराव पेपर वाचता वाचता ऐकत. इतक्या वर्षांत ज्या गोष्टी त्यांना कुणी सांगितल्या नव्हत्या, त्या आता मांजराच्या निमित्तानं त्यांच्या कानावर पडत होत्या.

अडचण होती ती भुरीच्या शी-शूच्या वाळूची.

मांजर मूळचं वाळवंटातलं जनावर. पाणी कमी पिऊन जगायची त्याला सवय, म्हणून त्याचं मूत्र आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट. त्यातला युरिया वाळूत पडला की सूक्ष्म जंतू त्याच्यावर तुटून पडतात आणि अमोनिया मोकळा करतात. मागोमाग माशासारखा, जळक्या रबरासारखा वास सोडणारे त्याचे भाऊबंद येतात. दुकानात या वाळूला लिटर म्हणत. रंगराव म्हणत, लिटर म्हणजे दूध, ही घाण आहे. ओला कचरा सोसायटीच्या तळघरातल्या यंत्रात जाई आणि त्याचं खत होई, पण मांजराची वाळू त्या यंत्राला चालत नसे. ती वेगळ्या पिशवीत बांधून घरात ठेवायची आणि महापालिकेची बिनड्रायव्हरची गाडी आठवड्यातून दोनदा येई तेव्हा खाली न्यायची. मधले दिवस पिशव्या कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत पडून राहत. तिथून वास डक्टमध्ये शिरे आणि वरखालच्या सगळ्या बाथरूममध्ये पोहोचे.

इंदुमतीनं खायचा सोडा टाकून बघितला, कोळशाची पूड टाकून बघितली, पिशवीवर पिशवी बांधून बघितली. चार तास बरं वाटे. मग सोसायटीचे सेक्रेटरी हेरवाडकर आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ आणि नियमाला कडक गृहस्थ होते. सोफ्यावर न बसता उभ्यानंच त्यांनी सांगितलं की तीन घरांनी लेखी तक्रार केली आहे, महिनाअखेर वास थांबला नाही तर मांजर ठेवता येणार नाही, नियम सगळ्यांना सारखा.

ते गेल्यावर इंदुमती भुरीला मांडीवर घेऊन बसली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "एवढ्या जणांचं दूध परत पाठवलंत. हिला पाठवू देऊ नका म्हणजे झालं."

इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट असेल. रंगरावांनी त्याच संध्याकाळी मंजूषाला फोन लावला.

मंजूषा हसली. म्हणाली, बाबा, मी याच्यावरच काम करतेय, पुढच्या महिन्यात बाजारात येईल, तुम्हाला आधी पाठवते. आठ दिवसांत पांढऱ्या दाण्यांची बरणी आली. नाव होतं 'निवांत'.

ते कसं चालतं हे तिनं बापाला समजेल असं सांगितलं. वास मारणारी वस्तू मारायला जाऊ नका, ती रोज नवीन तयार होते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या ग्रहणकांच्या चारेकशे जाती आहेत, आणि अमोनियाच्या कुळातले वास त्यातल्या मोजक्याच जाती ओळखतात. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, बाबा? तसं. निवांतचा रेणू जाऊन त्या सीटवर रुमाल टाकतो. वासाचा रेणू येतो, बघतो तर जागा धरलेली. उभा राहतो आणि निघून जातो. मेंदूला कळतच नाही की कुणी आलं होतं."

"म्हणजे वास असतो," रंगराव म्हणाले.

"असतो. पण आपल्याला नसतो."

"आणि रुमाल कधी उचलतात?"

"चार-सहा तासांनी आपोआप. म्हणून तर वाळूत एक झाकणभरच टाकायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि आठवड्यातून एक दिवस अजिबात टाकायचं नाही. बरणीवर लिहिलंय सगळं."

रंगरावांनी बरणीवरचं वाचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. एक झाकण टाकलं, वाळूचा ट्रे हलवला, आणि पाच मिनिटांत घर धुतल्यासारखं झालं. इंदुमतीनं हुंगून बघितलं, भुरीला उचलून तिच्या कपाळाला कपाळ लावलं. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांच्यासाठी न सांगता चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी रंगराव सकाळी फिरून आले. दार उघडलं, उंबऱ्यात पहिला श्वास घेतला, आणि त्यांना तो वास आला. आत येऊन बसेपर्यंत तो गेलाही. इंदुमती म्हणाली, मला तर काहीच येत नाही. पण तिला येत नाही याला काय अर्थ होता? ती घरातच होती. बाहेरून ताज्या नाकानं येणाऱ्याला काय येतं ते खरं. हेरवाडकर बाहेरूनच येणार होते. रंगरावांनी सगळं आयुष्य ज्या एका नियमावर काढलं होतं तो इथं लावायला त्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही. त्यांनी दोन झाकणं टाकली.

तिसऱ्या दिवशीही उंबऱ्यात किंचित वास होता. तीन झाकणं झाली. पिशव्यांतही दाणे घातले, डक्टच्या तोंडाशी एक वाटी भरून ठेवली. दाणे न टाकण्याचा दिवस त्यांनी वगळला, कारण त्याच दिवशी नेमकं कुणी आलं तर? खिडक्या लावून घेतल्या, कारण वारं आलं की दाण्यांचा जोर उडे. असं करता करता एक सकाळ अशी आली की रंगराव तळ्याला फेरी मारून आले, दार उघडलं, पहिला श्वास घेतला, आणि काहीही आलं नाही. निव्वळ स्वच्छ. त्यांचा हात आपोआप उजवीकडे हलला.

त्यांच्या हे लक्षात आलं नाही की घराचा वास गेला नव्हता, तर तळ्याला फेरी मारूनही त्यांच्या नाकातले रुमाल उचलले जात नव्हते. ज्या नाकानं ते माप घेत होते त्याच नाकात ते निवांत ओतत होते.

महिनाअखेर हेरवाडकर आले. दारात उभे राहिले, आत आले, बाल्कनीत गेले, ट्रेवर वाकले. त्यांनाही निवांतनं दारातच गाठलं असणार. त्यांनी रंगरावांचा हात हातात घेतला. म्हणाले, चौगुले, हे काय आहे ते मला सोसायटीसाठी पाहिजे. तळघरातल्या खताच्या यंत्रापाशी लोकांना उभं राहवत नाही. रंगरावांनी अभिमानानं लेकीचा नंबर दिला. दोन महिन्यांत तळघरात, लिफ्टमध्ये आणि प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये निवांतच्या डब्या लागल्या. दारावर 'गंधमुक्त इमारत' अशी पाटी आली. पुढं शहरभर तशा पाट्या दिसायला लागल्या. हॉटेलांत, बसस्थानकाच्या मुताऱ्यांत, कसाई गल्लीच्या तोंडाशी. मंजूषाला बढती मिळाली.

त्या हिवाळ्यात इंदुमतीचं खाणं कमी झालं. चहाला कशाची तरी चव येतीय म्हणाली, कल्हई उडालेल्या पातेल्यासारखी. रंगरावांनी पातेलं बदललं. पायाला सूज यायची, ती म्हणाली वयाची आहे. अंग खाजायचं, ती म्हणाली थंडीची आहे. मनगटावरचा पट्टा रोज सकाळी नाडी, झोप आणि साखर सांगे, आणि ते सगळं ठीक असे. मूत्रपिंडाचं विचारायला तो शिकलेला नव्हता. मंजूषा फोनवर म्हणायची, आई बारीक दिसतेस. इंदुमती म्हणायची, दिसू दे की, आता कुणाला दाखवायचंय.

फक्त भुरी विचित्र वागायला लागली. पूर्वी इंदुमतीच्या मांडीवर झोपायची, आता तिच्या उशीवर चढून बसे, तिच्या तोंडाशी नाक नेई, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगत राही, मग मागं सरे आणि पुन्हा येई. मांजराच्या टाळूत वास घेण्याचं आणखी एक इंद्रिय असतं. माणसाच्या नाकासाठी बेतलेला रुमाल तिथल्या जागेवर बसत नाही. रंगरावांना ती माहिती नव्हती. त्यांनी तिला दोनदा हाकललं. म्हणाले, माणसाच्या तोंडात काय तोंड घालतीस.

"असू द्या," इंदुमती म्हणाली. "ती तरी जवळ येतीय."

ते तिच्या शेजारीच झोपत होते. तिचा श्वास त्यांच्या चेहऱ्यावर येत होता.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती ती तशीच खाली बसली. त्यांनी हाक मारली तर तिनं त्यांना आप्पा म्हणून ओ दिली. रुग्णवाहिका आली. रुग्णालयात तरुण डॉक्टरीण बाई तिच्यावर वाकली आणि पटकन मागं सरली. रक्त तपासायला पाठवायच्या आधीच तिनं डायलिसिसच्या विभागाला फोन केला. नंतर बाहेर येऊन तिनं रंगरावांना विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आजोबा, त्यांच्या श्वासाला इतका वास येतोय. युरिया साचून महिने झाले असणार. घरात कुणालाच कळलं नाही?"

रंगराव आत गेले, इंदुमतीच्या तोंडाशी वाकले आणि श्वास घेतला. काहीही आलं नाही.

त्यांनी रुग्णालयातच मुक्काम केला. बाकावर झोपले, घरी गेले नाहीत. महिनोन् महिने साचलेले रुमाल उचलले जायला दोन-तीन दिवस लागले; आधी त्यांना कोपऱ्यातल्या मुतारीचा वास यायला लागला, मग शेजारच्याच्या डब्यातल्या सुकटाचा. मग एका दुपारी ते तिची चादर सारखी करायला वाकले आणि तो वास त्यांना एकदम आला. दोन डायलिसिस होऊनसुद्धा उरलेला, अमोनियाचा, थोडा माशासारखा, खाली काहीतरी गोडसर सडल्यासारखा. हा वास फलाटावर असता तर त्यांनी चार हातांवरून ओळखला असता. झाकण उघडायचीही गरज पडली नसती.

ते तसेच वाकलेले राहिले. इंदुमती जागी होती. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तिला कळलं.

"आला का?" तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"आप्पांचं दूध," ती म्हणाली, "तुम्हाला लगेच कळलं होतं."

मंजूषा बंगळूरहून आली. जिन्यात बापलेकीचं बोलणं झालं. ती म्हणाली, एकच झाकण सांगितलं होतं मी. ते म्हणाले, सांगितलं होतंस. ती म्हणाली, एक दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं. ते म्हणाले, तेही सांगितलं होतंस. त्यांनी कशाचाच प्रतिवाद केला नाही, त्यानं ती जास्त चिडली. मग त्यांनी एवढंच विचारलं, की मांजराचा वास आणि आजारी माणसाचा वास एकाच सीटवर बसतात हे तुमच्या लोकांना माहीत होतं का.

मंजूषा कठड्याकडं बघत राहिली. "अमाइन म्हणजे अमाइन, बाबा, अमोनियाचं कुळ. ते मांजराचं आहे की माणसाचं हे रेणूला काय कळणार," ती म्हणाली. आणि मग, "अहवालात होतं. लोक घरात एवढं वापरतील असं कुणाला वाटलं नव्हतं."

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. काही महिने आधी कळतं तर औषधावर वाचवता आली असती, असं मोठे डॉक्टर म्हणाले. आता आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं आणि बदली मूत्रपिंडाच्या रांगेत थांबायचं. बंगळूरला सोय बरी होती. मंजूषानं आईला न्यायचं ठरवलं. रंगरावही कपडे भरायला लागले तेव्हा इंदुमती म्हणाली, तुम्ही राहा इथंच.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं भुरीला जाळीच्या पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली.

"हिला नेते," ती म्हणाली. "हिला कळलं होतं."

रंगराव त्या घरात फार दिवस राहिले नाहीत. डक्टमधल्या डब्या बंद करता येत नव्हत्या आणि त्या घरात त्यांना स्वतःच्या अंगाचाही वास येत नव्हता. त्यांनी दूध संघाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. पहाटे टेम्पो येत, सांडलेल्या दुधाचा, ओल्या कॅनचा, डिझेल जाऊन वीज आली तरी न गेलेला तो जुना वास येई, आणि नाक हळूहळू परत आलं. पूर्ण आलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

सोसायटीची वार्षिक सभा होती. तिला ते मुद्दाम गेले. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, कडेला केटररचा चहा होता. रंगराव आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. उभे राहिले, दोनदा चुकले, मग सांगितलं की निवांतच्या डब्या काढून टाका, माणूस आतून सडायला लागला तरी या इमारतीत कुणाला कळणार नाही. माझ्या घरात कळलं नाही. मी बाजूला झोपत होतो.

लोक मान खाली घालून ऐकत होते. वाईट सगळ्यांनाच वाटलं होतं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई हळूच म्हणाल्या की तळघराचा वास परत सुरू झाला तर मात्र राहता येणार नाही. एक जण म्हणाला, चौगुल्यांनीच तर आणलं होतं हे. कुणी हसलं नाही. हात वर करून मतं घेतली गेली. रंगरावांच्या बाजूनं एकटा त्यांचाच हात होता, आणि ते आता तिथं राहत नसल्यामुळं तोही धरला गेला नाही.

सभा संपल्यावर हेरवाडकर त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. माणूस वाईट नव्हता. हळू चालत होते, सँडलचे पट्टे सैल सोडले होते. चहाचा कप त्यांनी अर्धा ठेवून दिला होता. म्हणाले, या केटररला पुन्हा बोलवायचं नाही, चहाला पत्र्याची चव. फाटकाबाहेर रस्त्यावर मोकळं वारं होतं. हेरवाडकरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आत बायका उभ्या होत्या म्हणून तोंड त्यांच्या कानाशी नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनींची बातमी कळवत जा. आणि मनाला लावून घेऊ नका. घरोघरी कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतंच."

रंगरावांनी पहिला श्वास घेतला. दुसरा घेण्याची गरज नव्हती.

"हेरवाडकर," ते म्हणाले, "उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या. मूत्रपिंडाचं. माझं ऐका. मला वास आला."

हेरवाडकरांचा हात खांद्यावरून निघाला. ते एक पाऊल मागं सरले आणि त्यांचा चेहरा बँकेच्या काउंटरमागं उभ्या असलेल्या माणसासारखा झाला. "तुमचा राग मी समजू शकतो, चौगुले," ते म्हणाले. "पण असं बोलू नये."

"राग नाही. तुमचे पाय सुजलेत का? चहाला चव..."

"आमच्या इमारतीत कसलाही वास नाही," हेरवाडकर म्हणाले. "पाटी आहे." आणि फाटक ओढून घेतलं.

फलाटावर असते तर रंगरावांनी हात डावीकडे हलवला असता आणि विषय संपला असता. ते फाटकाचे गज धरून उभे राहिले. हेरवाडकर सावकाश, पाय जपत, आत चालले होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्यांची बायको वाकून उभी होती. तिनं वरूनच विचारलं, काय हो, काय म्हणत होते चौगुले?

"काही नाही गं," हेरवाडकर म्हणाले. "मांजराचंच काहीतरी."